एक ठोका थांब, दोन ठोके चल

कासारवाडी स्टेशनच्या जिन्यावर एक बाई बसते. मांडीवर पांढरी पिशवी. गाडीतून उतरलेल्या एकट्या माणसाला ती विचारते, "लोणावळा गेली का हो?" आणि माणसानं उत्तर द्यायला मान वळवली की जिन्यावर फक्त पिशवी...

ही बाई मी तयार केलेली आहे. कॉलनीतल्या एका लग्नात मांडवातली माणसं पेंगायला लागली होती, तेव्हा. त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी आमच्या शेडवर माल द्यायला आलेल्या एका पोरानं मलाच ती गोष्ट सांगितली — त्याच्या आत्येभावाला ती दिसली, तीन दिवस तापानं फणफणला होता. मी त्याला चहा पाजला, पिशवीत काय होतं ते नीट विचारून घेतलं आणि पुढच्या वेळी ते वापरलं. तेव्हा आपल्या या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या शब्दाची पत काय असणार, हे मला पुरतं ठाऊक आहे.

म्हणून हे मी संगीतावहिनींना शेजारी बसवून लिहितोय. लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, आणि कुठं मीठमसाला पडला की त्यांनी खोकायचं, असं ठरलंय. आत्तापर्यंत एकदा खोकल्या. आत्येभावाला ताप एकच दिवस होता.

तर... माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे, ठेवायची सोयच नव्हती. आमचं घर विहाराला लागून. वडील कंपनीत फिटर, घरात पुस्तकं, आणि भूत, भगत, उतारा, अंगात येणं ही सगळी मंडळी उंबऱ्याबाहेर. कुणी पोरगं अंधाराला घाबरलं की वडील म्हणायचे, "पुरावा दाखव, मग आपण दोघं मिळून घाबरू." आमच्या गाडीला आजवर लिंबू-मिरची लागलेली नाही. भुताच्या गोष्टी सांगायची मला हौस आहे ती यामुळेच. ज्याचा विश्वास असतो तो काय सांगणार, तो आधीच घाबरलेला असतो.

आता धंद्याचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भोसरीला एमआयडीसीत आमची पॅकिंगच्या पेट्यांची शेड आहे. चाकणच्या कंपन्यांतून परदेशी जाणाऱ्या मशिनींना लाकडी पेट्या लागतात. लहान पेट्या शेडमध्येच ठोकतो. पण मशीन घराएवढं असलं की पेटी त्याच्याभोवती, कंपनीतच बांधावी लागते. तिच्या तळाला पाइनच्या जाड तुळया घालतात, आणि त्या एकसंध लागतात. जोड चालत नाही. क्रेननं उचलताना जोड सुटला तर मशीन खाली.

आणि आमची गाडी कोणती, तर पिकअप. तिचा हौदा आखूड, तुळया त्याच्या दुप्पट लांब. शहाण्या माणसानं मोठा ट्रक सांगावा. पण दारात स्वतःची गाडी उभी असताना चार तुळयांसाठी ट्रक सांगायचा, हे ज्याच्या जिवावर येत नाही असा माणूस आमच्या पट्ट्यात दाखवा. अख्खी भोसरी अशीच चालते. गाडी संपली तरी माल संपत नाही.

हे तंत्र बसवलं माझ्या भागीदारानं, दत्तानं. दत्ता म्हणजे वहिनींचा नवरा. मोशीकडचा मूळ गाववाला, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यानं केबिनच्या वर लोखंडी चौकट वेल्ड करून घेतली होती. तुळयांचं पुढचं टोक त्या चौकटीवर, म्हणजे ड्रायव्हरच्या बरोबर डोक्यावर. मागचा भाग तिरका खाली येऊन फाळक्यावर टेकायचा आणि तिथून बाहेर लांब शेपूट. बेल्ट दोन्हीकडून आवळायचे, मध्ये पाचर मारायची. निम्म्याहून जास्त वजन पुढं असलं पाहिजे, नाहीतर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टीअरिंग हातात नुसतं फिरत राहतं.

"इलास," तो मला सांगायचा, "डावीकडं वळलास की शेपूट उजवीकडं मारतंय. तुला वाटतंय तू वळलास. मागच्याला इचार तुझं काय वळलंय ते."

शेपटाला लाल फडकं. आणि फडक्याच्या मागं दत्ता, मोटारसायकलवर. लांब लाकूड जाताना त्याच्या मागं आपलाच माणूस पाहिजे, हा त्याचा नियम. परका माणूस टोकाला येऊन चिकटतो, त्याला ते टोक समोरून नाण्याएवढं दिसतं, आणि पुढच्यानं ब्रेक मारला की संपलं. दत्ता ती जागा अडवून चालायचा.

मागून पुढं निरोप द्यायचा तो ठोक्यांनी. टेम्पोवाले पत्र्यावर थाप मारतात, तसंच. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. फक्त आमचे ठोके पत्र्यावर नव्हते, लाकडावर होते. लाकडाच्या एका टोकाला नखानं खाजवलं तरी दुसऱ्या टोकाला कान लावला की ऐकू येतं. इथं तर दुसरं टोक माझ्या टाळूवरच. चाकणच्या रस्त्यावर सगळे हॉर्न वाजत असले तरी दत्ताचा ठोका मला ऐकू यायचा. मीही खिडकीतून हात वर काढून पुढच्या टोकावर ठोकायचो, ते त्याला मागं कळायचं, कारण गर्दीत उभं असताना त्याची सवय होती — तळहात तुळईच्या टोकावर ठेवून उभं राहायचं. बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

त्याच्या 'चल'ची एक तऱ्हा होती. पहिला ठोका जोरात, मग जरा थांबून दुसरा, सावकाश. ठक्... ठक. जणू पहिल्यानंतर विचार बदलणार होता, पण असू दे, चल. आणि मी गप्पांत रंगून गाडी हलवली नाही की तोच जोड परत यायचा, दोन्ही ठोके जोरात.

दत्ता गेल्या दिवाळीच्या आधी गेला. रस्त्यावर नाही, लाकडानं नाही. शेडमध्ये डबा खाऊन हात धुवायला उठला आणि नळापाशी बसला, तो बसलाच. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. मी या ओळीवर काही रंग चढवलेला नाही. वहिनी खोकल्या नाहीत.

महिन्याभरानं तुळयांची पहिली खेप निघाली तेव्हा वहिनी शेडवर आल्या.

"भाऊजी, मागं कोण येणार?"

"बघू. कुणीतरी येईल."

"कुणीतरी म्हंजी कोण? त्याला ठोके कळत्यात?"

"शिकवू."

"शिकवायचं कशाला. मला म्हाईत हायेत. घराचं दार पण तसंच वाजवायचे हे. दोन वाजले की कडी काढायची, एक वाजला तर कुणीतरी दुसरं."

मी नको नको म्हणालो. त्यांची लेक बारावीला. बाप गेलेला, आता त्या पोरीला एकच माणूस उरलेलं, आणि ते माणूस स्कूटर घेऊन माझ्या लाकडाच्या टोकामागं येणार. मला रस्ताभर पुढं कमी आणि आरशात जास्त बघावं लागलं असतं. पण वहिनींनी फडकं हातात घेऊन गाठ मारायला सुरुवातही केली होती. दत्ताचा निम्मा धंदा आता त्यांचा होता, मी काय अडवणार? आणि खरं तर त्या दत्तापेक्षा बऱ्या निघाल्या. दत्ता मध्येच चहाला थांबायचा.

पण आरशात बघत राहणं काही सुटलं नाही. प्रत्येक खेपेला कंपनीच्या गेटमधून स्कूटर आत आली की माझा श्वास सुटायचा.

आता तो दिवस.

ऊन तापायला लागलं होतं. दुपारची वेळ, शिफ्ट बदलायच्या आधीची. वखारीतून तुळया घेतल्या, बांधल्या, बेल्ट दोनदा ओढून बघितले. वहिनींनी शेपटाला फडकं बांधलं. नाशिक हायवेला लागलो आणि मोशीच्या पुलाजवळ गर्दीत अडकलो. एवढ्यात माझ्या डोक्यावर वाजायला लागलं — एक नाही, दोन नाही, टकाटका टकाटका, सरळ ढोलकी. मी खिडकीतून मान काढली. मागं एक मोटारसायकलवाला, अंगात कंपनीचा शर्ट, पोटाशी बॅग, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, आणि दोन्ही हातांनी तुळईच्या टोकावर ताल धरलेला. वहिनी त्याच्याकडं रोखून बघत होत्या.

मी बघतोय म्हटल्यावर तो पुढं माझ्या दाराशी आला. तिशीचा असेल.

"मामा, फडकं लाल लागतंय ना? हे तर गुलाबी झालंय. बारशाला चाललाव का?"

"तू कुठला?"

"परभणीचा. तुमचा इथलाच आता."

"मग इथलं ऐक. लाकडापासून लांब राहा."

"लांब राहिलं की मधी दुसरा घुसतो, मामा. मग त्याच्यापेक्षा मी काय वाईट?"

वहिनी मागून ओरडल्या, "ए बाबा, हेल्मेट डोक्यात घाल. कोपराला काय धाड भरलीय?"

"घालतो की, मावशी. डोकं शिजतंय."

पण घातलं त्यानं. वहिनींकडं बघून पट्टाही लावला, आणि दोन्ही हात जोडले. त्या हसल्या. दत्ता गेल्यानंतर त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

कुरुळीच्या पुढं एक आडवा रस्ता कंपन्यांकडून उतारानं हायवेला येऊन मिळतो. त्याच्या तोंडाशी आम्ही परत अडकलो. नीट सांगतो, कोण कुठं होतं ते. माझी गाडी त्या रस्त्याच्या बरोबर तोंडात, आडवी. तुळयांचं शेपूट तोंडाच्या अलीकडच्या कडेला. वहिनी शेपटामागं, म्हणजे तोंडाच्या अलीकडं. दत्तासारखाच तळहात टोकावर ठेवून उभ्या. त्यांच्या मागं तो परभणीचा.

मी काय करत होतो? शेजारी एक रिक्षावाला उभा होता, त्याला ती पिशवीवाली बाई सांगत होतो. अगदी रंगात आलो होतो. बाई मान वळवणार, एवढ्यात...

ठक्... ठक.

मी गोष्ट तोडली नाही. हात वर करून "हो, हो" असं काहीतरी केलं. पुढची कार सरकली होती, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. वहिनींनी सांगितलं, असंच डोक्यात आलं.

मग परत. ठक्. ठक. या वेळी दोन्ही जोरात, आणि चौकट माझ्या टाळूवर थरथरली. गाडीत हात घालून कॉलर धरल्यासारखं वाटलं. मी चावी फिरवली, पहिला टाकला आणि गाडी पुढं घेतली, कारच्या मागं जाऊन भिडलो. रिक्षावालाही त्याच्या रांगेतून पुढं निघून गेला. बाईचं काय झालं ते त्याला आजही माहीत नाही.

कंटेनर मी आधी ऐकला, मग आरशात पाहिला. आडव्या रस्त्यानं, उतारावरून, भरलेला. ब्रेक गेले होते, असं नंतर कळलं. मी ज्या जागी उभा होतो त्या जागेतून तो आरपार गेला आणि हायवेच्या मधल्या दुभाजकावर चढून थांबला. आवाजाचं वर्णन मला येतं, पण करणार नाही.

आरशात फडकं नव्हतं, स्कूटर नव्हती, वहिनी नव्हत्या. नुसता कंटेनरचा निळा पत्रा. मी खाली उतरलो. त्या वेळी डोक्यात फक्त ती बारावीची पोर होती. तिच्या दारात जाऊन मी काय बोलणार, कोणत्या शब्दापासून सुरुवात करणार... आयुष्यभर गोष्टी सांगणाऱ्या माणसाला ते पहिलं वाक्य सापडेना.

कंटेनरच्या मागून वळसा घातला, तर वहिनी जिथं होत्या तिथंच उभ्या. स्कूटरवर, दोन्ही पाय जमिनीवर. उजवा हात समोर हवेत तसाच — तळहात उभा. लाकूड निघून गेलं होतं, हात तिथंच राहिला होता.

"वहिनी."

"तुमी थांब म्हणालात," त्या म्हणाल्या. "म्हणून थांबले."

"मी कुठं म्हणालो? तुम्हीच चल म्हणालात. दोनदा."

"मी कशाला म्हणू? माझा हात नुस्ता ठिवलेला. एकच ठोका आला. मला वाटलं तुमी खिडकीतनं मारला." त्यांनी तळहात उलटा करून माझ्यासमोर धरला. "हितं लागला. जोरात."

त्या टोकाला एक. या टोकाला दोन. एकाच लाकडाला, एकाच वेळी.

आणि आमच्या दोघांच्या मध्ये जी जागा झाली, ती चाकणच्या रस्त्यावर मोकळी राहत नाही. वहिनी हलेनात तेव्हा त्या तरुणानं हॉर्न दिला, "मावशी, चला की," म्हणाला, आणि त्यांना वळसा घालून पुढं गेला. लाकडाच्या मागं, दत्ताच्या जागेवर.

हेल्मेट होतं डोक्यात. पट्टा लावलेला होता. त्याचा काही उपयोग व्हायचा नव्हता.

आमचं फडकं कंटेनरच्या पुढच्या जाळीत अडकलेलं मिळालं. तुळयांना ओरखडा नव्हता.

लिहिणं इथं जरा थांबवलं होतं. वहिनी चहा ठेवायला उठल्या होत्या, आता परत येऊन बसल्यात.

पुरावा शोधायचा प्रयत्न मी केला, वडिलांची शिकवण. ओळखीच्या एका इंजिनीअरला सांगितलं. तो म्हणाला, ओलसर पाइन उन्हात तापलं की तडकतं, बेल्ट ताणलेला असला की सटकन घसरतो, असे आवाज होतात. बरोबर आहे, होतात. मी स्वतः ऐकलेले आहेत. मी विचारलं, "एकाच लाकडात पुढं दोन आणि मागं एक असे होतात?" तो म्हणाला, "तुम्ही दोघं घाबरलेले होता, आठवण गडबडते." तेही बरोबर असेल. पण आम्ही घाबरलो ते नंतर. ठोके आले तेव्हा मी मजेत होतो, आणि वहिनी उकाड्याला शिव्या देत होत्या.

लोकांना हे सांगितलं की त्यांचे डोळे भरतात. बघा, मेल्यावरही बायकोला वाचवलं, मित्राला वाचवलं. मीही पहिले काही दिवस तसंच सांगत होतो, आणि गोष्ट फार चांगली जमत होती. मग एकदा वहिनी म्हणाल्या, "त्या परभणीवाल्याच्या घरी पण अशीच सांगाल का?"

त्यानंतर मी ती सांगणं बंद केलं. ज्यानं मला दोन दिले आणि वहिनींना एक दिला, त्याला मागचा माणूस दिसत नव्हता का? दत्ता जिवंत असता तर त्यानं त्याला आधी बाजूला घेतलं असतं, आम्हाला मागाहून. मी दत्ताला ओळखत होतो. मला हे जमवून घेता येत नाही.

त्यानंतर आम्ही तुळया ट्रकनं पाठवायला लागलो. पण एका खेपेला ट्रकवाल्यानं ऐन वेळी नाही म्हटलं आणि कंपनीत क्रेन येऊन उभी. काढली परत पिकअप. वहिनींना मी आधी गाडीत बसा म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. "मागची जागा मोकळी ठिवायची न्हाई," एवढंच म्हणाल्या. नवीन फडकं आणलं होतं, लालभडक.

कुरुळी मागं टाकली, त्या आडव्या रस्त्याचं तोंड आलं, आणि माझ्या डोक्यावर वाजायला लागलं.

टकाटका टकाटका.

गर्दी नव्हती. गाडी चालू होती. आरशात वहिनी, दोन्ही हात हँडलवर, आणि त्यांचं तोंड पांढरं. त्यांनाही ऐकू येत होतं, टोकापासून वीतभर अंतरावर. मी कडेला घेतली. बेल्ट तपासले, पाचर तपासली, तुळया हलवून बघितल्या. बोट घुसत नव्हतं.

पुढच्या खेपेला परत तिथंच. जोरात नाही, चिडून नाही. कुणीतरी काहीतरी सांगतंय, पण एक की दोन हे त्याला माहीतच नाही, असं.

"तुमी त्यांना दोष देताय," वहिनी त्या दिवशी कडेला उभ्या राहून म्हणाल्या. 'त्यांना' म्हणजे दत्ताला. "त्यांनी ठोका दिला पण असंल त्याला. त्याला काय कळणार? आपण दोघं आपले होतो. त्याला कुणी शिकवलं होतं?"



म्हणून त्यापुढच्या खेपेला आम्ही त्या तोंडाच्या अलीकडंच थांबलो. भर दुपार, हायवे वाहतोय. मी खाली उतरलो, मागं गेलो, तुळईच्या टोकावर बोटांच्या पेरांनी एक ठोका मारला. "हे थांब," म्हणालो. मग दोन मारले. "हे चल." परत एक, परत दोन. कॉलनीच्या नाटकात मी दोनशे माणसांसमोर मेलेलो आहे, पण इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. एक मोटारसायकलवाला जाता जाता बघून गेला. वहिनी स्कूटरवर बसून होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सावकाश सांगा. परत एकदा."

मी परत एकदा सांगितलं. माझ्या वडिलांनी हे पाहिलं असतं तर... जाऊ दे.

त्या दिवशी त्या जागी काहीच वाजलं नाही. मला वाटलं, संपलं.

गेल्या आठवड्यात परत चार तुळया होत्या. तोंडाशी आलो आणि वर वाजलं. एक ठोका. स्वच्छ, बोटांच्या पेरांचा, मी शिकवला तसाच.

मी ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध. आडव्या रस्त्याकडं बघितलं — रिकामा. उतारावर काही नव्हतं. पुढं रस्ता मोकळा. मागं वहिनी थांबल्या होत्या. त्यांच्या मागं हॉर्न वाजायला लागले, एक बसवाला खिडकीतून माझा उद्धार करायला लागला. काही आलं नाही. काही झालं नाही. पण थांब म्हटलं होतं, आणि त्या जागेवर थांब म्हटल्यावर न थांबायची माझी छाती नाही. मी स्टीअरिंग धरून बसलो आणि डोक्यावर दोन वाजायची वाट बघत राहिलो.

येईनात. ज्याच्यासाठी थांबायचं तो कंटेनर निघून गेला होता, कधीच. त्या परभणीच्या पोराला पहिला ठोका जमला होता. पुढचे दोन कधी द्यायचे, ते मी सांगितलं नव्हतं. मलाही ठाऊक नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बसवाला खाली उतरून माझ्याकडं यायला लागला होता. तेव्हा वर वाजलं, दोन.

मी गाडी हलवली. कंपनीच्या गेटमधून स्कूटर आत आली, वहिनी उतरल्या, आणि मी विचारायच्या आतच त्यांनी हात वर केला. बोटांची पेरं लाल झाली होती.

ते दोन ठोके वहिनींचे होते. या सगळ्यात एवढ्या एकाच गोष्टीचं स्पष्टीकरण माझ्याकडं आहे.